शिंगराची चंदी आणि स्नायूंची शिदोरी

शिंगरू जन्मल्यावर तासाभरात चार पायांवर उभे राहते, आणखी तासाभरात घोडीला लुचू लागते आणि दुसऱ्या दिवशी आईच्या बरोबरीने पळू शकते. थरोब्रेड जातीचे शिंगरू जन्मतः साधारण पन्नास किलोचे असते, म्हणजे मोठेपणीच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा. वर्षाचे होईपर्यंत त्याची उंची मोठ्या घोड्याच्या नव्वद टक्क्यांवर पोचते आणि वजन दोन तृतीयांशाच्या आसपास. दीड वर्षाचे असताना पाठीवर खोगीर येते. दोन वर्षांचे होते न होते तोच शर्यतीचे मैदान समोर उभे असते. भारतात थरोब्रेडचे वय १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे एप्रिलात जन्मलेले शिंगरू कागदावर दोन वर्षांचे होते तेव्हा प्रत्यक्षात पावणेदोन वर्षांचेच असते.

एवढ्या थोड्या काळात हाडे वाढवायची, स्नायू भरायचे आणि धावायचेही, हा ताण मोठा आहे. या ताणावरच घोड्यांच्या पूरक आहाराचा धंदा उभा आहे. क्रिएटिन, कार्निटिन, अमिनो आम्ले, सेलेनियम, ई जीवनसत्त्व, तांदळाच्या कोंड्याचे तेल, यीस्ट आणि नाना क्षार डब्यांतून, पुड्यांतून, बाटल्यांतून पागेत पोचतात आणि चंदीत मिसळून तोबऱ्यात जातात. त्यातले स्नायूंपर्यंत काय पोचते आणि पोचून काय करते, हे समजायचे तर आधी घोड्याचा स्नायू ऊर्जा कशी मिळवतो ते पाहावे लागते.

थरोब्रेडच्या वजनाचा निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग निव्वळ स्नायूंचा असतो. स्नायूचा धागा आखडतो तो एटीपी नावाच्या रेणूच्या बळावर. गंमत अशी की, ज्याच्यावाचून एक पाऊल टाकता येत नाही त्या एटीपीचा साठा स्नायूत काही सेकंदांपुरताच असतो. तो खर्च होताहोताच भरून काढावा लागतो. पहिली मदत फॉस्फोक्रिएटिनची. ती झटपट मिळते, पण तितकीच झटपट संपते. त्यामागे ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर. ऑक्सिजन पुरेसा असेल तर ती मायटोकॉन्ड्रियात पूर्ण जळते आणि भरपूर एटीपी देते. ऑक्सिजन कमी पडला तर अर्धवट मोडते, थोडे एटीपी देते आणि मागे लॅक्टेट व आम्लता ठेवून जाते. चौथे इंधन चरबी. तिचा साठा मोठा, पण ती सावकाश आणि ऑक्सिजनच्या सोबतीनेच जळते. माथेरानच्या चढावर पर्यटकाला पाठीवर घेऊन चालणारा घोडा मुख्यतः चरबी आणि तंतुमय वैरणीतून मिळणाऱ्या आम्लांवर चालतो. महालक्ष्मीच्या धावपट्टीवर १,२०० मीटर सत्तर-बहात्तर सेकंदांत कापणारा घोडा ग्लायकोजेन उधळत जातो. विश्रांतीत रक्तातील लॅक्टेट लिटरला एक मिलिमोलच्या आत असते, अशा शर्यतीनंतर ते पंचवीस-तीसवर गेलेले आढळते.

तरीही घोडा हा मूलतः ऑक्सिजनवर धावणारा प्राणी आहे. उत्तम थरोब्रेड किलोमागे मिनिटाला दीडशे ते दोनशे मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतो. जगातल्या अव्वल धावपटू माणसाची मजल ऐंशी-नव्वदच्या पुढे सहसा जात नाही. याचे एक रहस्य प्लीहेत आहे. विश्रांतीच्या वेळी तांबड्या पेशींचा मोठा साठा घोड्याच्या प्लीहेत पडून असतो. धाव सुरू होताच प्लीहा आखडते आणि तो साठा रक्तात सोडते. रक्तातील तांबड्या पेशींचा हिस्सा चाळिसाच्या आसपासवरून साठ टक्क्यांच्या वर जातो. हृदयाचे ठोके मिनिटाला तीस-चाळीसवरून दोनशे वीसच्या पुढे पोचतात. श्वास टापांशी जखडला जातो: चौखूर धावताना एका झेपेला एकच श्वास. थोडक्यात, रक्त वाढवण्याची जी करामत माणसांच्या खेळांत बंदी घातलेल्या औषधांनी केली जाते, ती घोड्याला जन्मजातच साधलेली आहे.

स्नायूतले सगळे धागे एकसारखे नसतात. काही संथ आकुंचन पावणारे, न थकणारे. काही वेगवान पण ऑक्सिजनवरही चालणारे. काही अतिवेगवान आणि लवकर दमणारे. त्यांचे प्रमाण पाहण्यासाठी पशुवैद्य घोड्याचा पुठ्ठा थोडा बधिर करून जाड सुईने आतल्या स्नायूचा वाटाण्याएवढा तुकडा काढतात. घोडा बहुतेक वेळा उभाच असतो, कान हलवत. अरबी घोड्यात संथ धागे तुलनेने जास्त, थरोब्रेड आणि क्वार्टर हॉर्समध्ये वेगवान धागे भरपूर. या वाटणीचा मोठा भाग आनुवंशिक आहे. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की, मायोस्टॅटिन या जनुकाच्या एका बदलावरून थरोब्रेड छोट्या अंतराचा की लांब पल्ल्याचा, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. ती वाटणी कोणत्याही चूर्णाने उलटत नाही. सरावाने मात्र धाग्यांचा स्वभाव बदलतो. शिंगराच्या वाढत्या वयात आणि विशेषतः पहिल्या काही महिन्यांच्या शिक्षणात अतिवेगवान धागे कमी होऊन ऑक्सिजनवर चालणारे वेगवान धागे वाढतात, केशवाहिन्या दाट होतात, मायटोकॉन्ड्रिया वाढतात. तरुण घोड्याच्या स्नायूचा सगळ्यात मोठा कारागीर म्हणजे रोजचा व्यायाम. पुढे ज्या पूरकांचा विचार करायचा आहे त्यांचे मोल या कारागिराच्या शेजारी ठेवूनच ठरवायला हवे.

इंधन येते पोटातून, आणि घोड्याचे पोट हे एक वेगळेच प्रकरण आहे. शिंगराचे पहिले इंधन घोडीचे दूध. त्यात दुग्धशर्करा सहा टक्क्यांच्या पुढे आणि स्निग्धांश जेमतेम एक-दोन टक्के. म्हशीच्या दुधाच्या मानाने अगदीच पातळ. म्हणजे शिंगरू सुरुवातीला साखरेवर जगते. काही दिवसांतच ते आईची ताजी लीद तोंडात घेताना दिसते. नवख्या मालकाला किळस येते, पण शिंगरू त्यातून आपल्या आतड्यांसाठी जंतूंचे विरजण घेत असते. हे विरजण लागल्यावर मोठ्या आतड्यात आणि अंधनालात वैरण आंबू लागते आणि तिच्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही आम्ले तयार होतात. मोठ्या घोड्याच्या ऊर्जेचा फार मोठा वाटा याच आंबवणीतून येतो.

जठर मात्र शरीराच्या मानाने लहान, मोठ्या घोड्यातही आठ ते पंधरा लिटरचे. त्यातून घोड्याला उलटी करता येत नाही. दाण्यातील स्टार्च लहान आतड्यातच पचला पाहिजे. तिथले विकर अपुरे पडले की उरलेला स्टार्च मागे मोठ्या आतड्यात जातो, आंबवणी बिघडते, आम्लता वाढते, आणि पोटशूळ किंवा टापेच्या आतल्या पापुद्र्यांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस, ओढवतो. म्हणून एका वेळच्या चंदीत किलो वजनामागे एक ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च असू नये असा सावध हिशेब सांगतात. तीनशे किलोच्या वर्षाच्या शिंगराला हा हिशेब लावला तर एका वेळी ओट सात-आठशे ग्रॅमच बसतात. अनेक पागांत ओंजळीच्या अंदाजाने याच्या दुप्पट पडतात. शिवाय वरचेवर साखर चढवणाऱ्या चंदीचा संबंध वाढत्या सांध्यांतील कूर्चेच्या दोषाशी, ऑस्टिओकाँड्रोसिसशी, जोडला गेला आहे. शिंगरू लवकर भरावे म्हणून दाणा वाढवणे हे त्याच्या पायांवर कर्ज काढण्यासारखे आहे.

माणसांच्या खेळांतील एक लाडकी युक्ती म्हणजे स्पर्धेआधी भात-बटाटे खाऊन स्नायूंत ग्लायकोजेन ठासणे. घोड्यात ती चालत नाही. त्याच्या स्नायूंत ग्लायकोजेन मुळातच माणसापेक्षा बरेच जास्त असते. पाचशे किलोच्या घोड्यात सगळे मिळून साडेतीन-चार किलोच्या घरात. एका जोरकस शर्यतीत त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा खर्च होतो. तो भरून यायला माणसाला एक दिवस पुरतो, घोड्याला दोन ते तीन दिवस लागतात, आणि दाणा वाढवून हा वेग फारसा वाढत नाही. त्यामुळे जोराच्या धावेनंतर दोन दिवस हलका व्यायाम, भरपूर पाणी, मीठ आणि वैरण हाच उपाय. दुसऱ्याच दिवशी पुन्हा भरधाव सोडलेले तरुण जनावर अर्धवट भरलेल्या टाकीवर पळत असते.

डब्यांतल्या पूरकांपैकी सगळ्यात प्रसिद्ध क्रिएटिन. माणसांमध्ये त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. १९९२ मध्ये रॉजर हॅरिस आणि स्वीडनमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, तोंडाने घेतलेल्या क्रिएटिनने माणसाच्या स्नायूतील त्याचा साठा वाढतो. हेच हॅरिस इंग्लंडमधील न्यूमार्केटला घोड्यांच्या स्नायूंचाही अभ्यास करत होते. क्रिएटिन मांस-मासळीत असते, गवतात नसते. शाकाहारी माणसाच्या स्नायूत ते कमी असते, म्हणून त्याला पूरकाचा फायदा अधिक होतो. मग घोड्यासारख्या पक्क्या शाकाहाऱ्याला तर तो सर्वाधिक व्हायला हवा, असे कोणालाही वाटेल. पण नेमके इथेच घोडे पेंड खाते. घोड्याचे यकृत स्वतःच पुरेसे क्रिएटिन बनवते आणि स्नायूंतला साठा आधीच भरलेला असतो. तोंडाने दिलेले क्रिएटिन त्याच्या आतड्यातून नीट शोषलेही जात नाही. १९९० च्या दशकात थरोब्रेडवर आणि त्यानंतर स्वीडनमध्ये स्टँडर्डब्रेडवर झालेल्या चाचण्यांत ना स्नायूतील साठा लक्षणीय वाढला ना धावण्याच्या चाचणीत फरक पडला. तरीही घोड्यांच्या चूर्णांवर क्रिएटिनचे नाव ठळक अक्षरांत दिसते. व्यायामशाळेतल्या डब्याची पुण्याई घोड्याच्या डब्याला मिळते, एवढाच त्याचा अर्थ.

कार्निटिनची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. चरबीची आम्ले मायटोकॉन्ड्रियात नेणारा हा हमाल. शिंगरांच्या स्नायूत तो कमी असतो आणि वयाबरोबर वाढतो, त्यामुळे तरुण घोड्याला बाहेरून देण्याची कल्पना अगदीच पोरकट नाही. अडचण शोषणाची. तोंडाने दिलेल्या मात्रेतला अगदी थोडा भाग रक्तात उतरतो, आणि रक्तात वाढला म्हणून स्नायूत वाढतोच असे नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मन आणि स्पॅनिश संशोधकांनी दोन वर्षांच्या घोड्यांना सरावाबरोबर रोज दहा ग्रॅम कार्निटिन दिले. नुसता सराव केलेल्यांपेक्षा त्यांच्या स्नायूंत ऑक्सिजनवर चालणारे वेगवान धागे आणि केशवाहिन्या अधिक वाढल्याचे दिसले. निकाल आशादायक आहे, पण घोडे मोजके होते आणि धागे बदलले म्हणून घोडा शर्यतीत पुढे गेला असे त्यातून सिद्ध होत नाही. घोड्यांच्या पोषणशास्त्रातील बहुतेक अभ्यास असेच सहा-आठ-बारा जनावरांवर उभे आहेत. घोडा महाग आणि धावपट्ट्याचे यंत्र त्याहून महाग, त्यामुळे मोठे प्रयोग दुर्मीळ.

तिसरे नाव कार्नोसिनचे. स्नायूत तयार होणारी आम्लता शोषून घेणारे हे संयुग थरोब्रेडच्या स्नायूत माणसाच्या साधारण पाचपट असते. न्यूमार्केटच्या संशोधकांनी १९९९ मध्ये थरोब्रेडना महिनाभर बीटा-अ‍ॅलनिन आणि हिस्टिडिन देऊन पाहिले, तेव्हा वेगवान धाग्यांतील कार्नोसिन वाढले. म्हणजे हे पूरक निदान पोचायचे तिथे पोचते. वाढ मात्र माफक होती, कारण हौद आधीच काठोकाठ भरलेला. आम्लतेवरचा दुसरा जुना उतारा म्हणजे खाण्याचा सोडा. नाकातून नळी घालून सोडा, साखर आणि पाण्याचे मिश्रण शर्यतीच्या आधी पोटात ओतायचे, याला परदेशी तबेल्यांत ‘मिल्कशेक’ म्हणत. त्यावर बंदी आहे. रक्तद्रवातील एकूण कार्बन डायऑक्साइडची आंतरराष्ट्रीय मर्यादा लिटरला ३६ मिलिमोल ठरवलेली आहे आणि ती ओलांडणारा घोडा बाद होतो.

चमत्कार करणाऱ्या पूरकांची यादी अशी हळूहळू फिकी पडते. याउलट खरी उणीव भरून काढणारी पूरके साधी, स्वस्त आणि काहीशी कंटाळवाणी आहेत, आणि शिंगराच्या स्नायूंना उपयोगी पडतात ती तीच.

पहिले लायसिन. स्नायू बांधायला लागणाऱ्या अमिनो आम्लांत वाढत्या घोड्याला सर्वांत आधी तुटवडा पडतो तो याचाच. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००७ च्या तक्त्यांनुसार, मोठेपणी पाचशे किलो होणाऱ्या वर्षाच्या शिंगराला रोज सुमारे ८४५ ग्रॅम प्रथिने आणि त्यात ३६ ग्रॅम लायसिन हवे. ओट, जव, मका यांच्या प्रथिनांत लायसिन कमी पडते. हरभरा, सोयापेंड आणि लसूणघास यांत ते चांगले असते. वर्षाच्या शिंगरांना लायसिन आणि थ्रिओनिन वरून दिल्यावर त्यांची वाढ सुधारल्याचे १९९४ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. मोतद्दारांच्या पिढ्यांनी भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी चालवली ती हे तक्ते न पाहता. हरभरा चांगलाच, पण तोही प्रमाणात.

दुसरी जोडी ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमची. ऑक्सिजनच्या भट्टीतून उडणाऱ्या ठिणग्यांपासून ही दोन्ही स्नायूंच्या पेशी वाचवतात. ज्या प्रदेशांच्या मातीत सेलेनियम कमी, तिथल्या शिंगरांना ‘पांढऱ्या स्नायूंचा’ रोग होतो: पाय ताठर, चालणे अडखळते, कधी जीभ आणि जबडा एवढा दुबळा की दूध ओढता येत नाही. ई जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यात मुबलक असते, वाळल्यावर त्यातले बरेचसे जाते. रोज ताजा लसूणघास मिळणाऱ्या शिंगराला त्याची फारशी वाण पडत नाही. सुक्या गवतावर आणि दाण्यावर बंद पागेत वाढणाऱ्याला पडते. पण जास्त दिले म्हणजे जास्त संरक्षण, हा हिशेब इथे लागू नाही. तरुण घोड्यांवरील २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात स्नायूंची स्वसंरक्षणाची ताकद वाढवण्यात वाढीव सेलेनियमपेक्षा व्यायामाचाच हात मोठा निघाला.

सेलेनियमची रोजची गरज मिलिग्रॅमभर, आणि त्याच्या काही पटींनीच विषबाधेची हद्द सुरू होते. भारतात पंजाबच्या नवांशहर–होशियारपूर पट्ट्यात मातीतच सेलेनियम जास्त आहे आणि तिथल्या गुराढोरांची खुरे झडल्याच्या नोंदी आहेत. घोड्यात जुनाट विषबाधेने आयाळ आणि शेपटीचे केस गळतात, टापांना आडव्या भेगा पडतात. तीव्र विषबाधा तर काही तासांचा खेळ. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातील वेलिंग्टन येथे मोठ्या पोलो स्पर्धेच्या तोंडावर एकाच संघाचे २१ घोडे एकामागून एक कोसळून मेले. सामन्याआधी त्यांना जीवनसत्त्व आणि खनिजांचे एक मिश्रण टोचलेले होते. ते बनवताना मात्रा चुकली होती आणि त्यात सेलेनियम घातक प्रमाणात पडले होते. थकवा घालवण्यासाठी दिलेले ते टॉनिक होते.

स्नायू हाडांना बांधलेले असतात, तेव्हा हाडांचा हिशेब टाळून चालत नाही. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस एक टक्क्याच्या आसपास आणि कॅल्शियम त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याएवढे. रोज भरपूर कोंडा खाणारा घोडा हाडांतले कॅल्शियम काढून रक्ताचा तोल राखतो. हाडे पोकळ होतात, चेहऱ्याची हाडे फुगतात. युरोपात याला पिठाच्या गिरणीवाल्याच्या घोड्याचा रोग म्हणत, कारण गिरणीत कोंडा फुकट मिळे. आपल्याकडे गरम कोंड्याचा सांजा घोड्याला प्रेमाने भरवतात. आठवड्यातून एकदा ठीक, रोज नव्हे. हत्तीघासासारख्या काही उष्ण प्रदेशी गवतांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून त्यावर वाढणाऱ्या शिंगराला लसूणघासाची जोड हवी. कूर्चा घडण्यासाठी तांबेही लागते. बाजारातले खनिज मिश्रण घेताना मोठ्या अक्षरांतल्या घोषणेपेक्षा मागच्या बाजूची कॅल्शियम, फॉस्फरस, तांबे आणि जस्ताची ओळ वाचावी.

मीठ हे सर्वांत दुर्लक्षित पूरक. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा कितीतरी खारट असतो. लिटरमागे सुमारे दहा ग्रॅम क्षार जातात, आणि कडक उन्हात कष्ट करणारा मोठा घोडा तासाला दहा-बारा लिटर घाम गाळू शकतो. लगामाखाली, मांड्यांमध्ये जो पांढरा फेस साचतो तो लॅथेरिन नावाच्या प्रथिनाचा. ते घामाला पसरवून अंग थंड करते. पाण्याबरोबर क्षारही निघून गेल्यामुळे रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही आणि घोड्याला तहान लागत नाही. कोरड्या पडलेल्या, मीठ गमावलेल्या स्नायूला कितीही इंधन असले तरी नीट आखडता येत नाही. पुण्या-मुंबईच्या उकाड्यात शिकणाऱ्या दोन वर्षांच्या घोड्याला चमचा-दोन चमचे साधे मीठ आणि समोर सतत स्वच्छ पाणी, हे कोणत्याही रंगीत पुडीच्या आधी येते.

उरले तेल. घोड्याला पित्ताशय नसते. पित्त यकृतातून सतत थेंब थेंब आतड्यात उतरत असते. तरी हळूहळू सवय लावली तर तो तेल उत्तम पचवतो. त्यातून दाण्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते आणि स्टार्चचा धोका टळतो. त्याचा खरा उपयोग एका विशिष्ट दुखण्यात दिसतो. शिकाऊ घोडी सकाळच्या फेरीवर निघते, दहा-पंधरा मिनिटांत पावले आखूड पडू लागतात, घाम फुटतो, पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे कडक होतात, ती जागची हलत नाही; लघवी कॉफीच्या रंगाची येते, कारण फाटलेल्या स्नायूतले रंगद्रव्य मूत्रपिंडातून बाहेर पडत असते. तबेल्यात याला ‘टाय-अप’ म्हणतात. अशा वेळी घोडा चालवत परत नेऊ नये. तिथेच थांबवून पशुवैद्याला बोलवावे. युरोपात अवजड गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना हा त्रास रविवारची विश्रांती आणि भरपेट चंदी झाल्यावर दुसऱ्या दिवशी होई, म्हणून त्याचे जुने नाव सोमवारचा आजार.

आता कळले आहे की, हे एक दुखणे नसून अनेक आहेत. थरोब्रेडमध्ये, विशेषतः दोन वर्षांच्या तापट घोड्यांमध्ये, स्नायूतील कॅल्शियमचे नियंत्रण बिघडते. क्वार्टर हॉर्स आणि काही अवजड जातींत ग्लायकोजेन बनवणाऱ्या विकराच्या जनुकात दोष असतो. तो अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये शोधला. क्वार्टर हॉर्सच्या काही वंशांत याहून क्रूर दोष आहे: ग्लायकोजेनला फांद्या फोडणारे विकरच नसल्याने शिंगरू गर्भातच किंवा जन्मानंतर काही आठवड्यांत मरते. त्यावर पूरक नाही, आईबापाची जनुकीय चाचणी एवढाच इलाज. पहिल्या दोन प्रकारांत मात्र स्टार्च कमी करणे, उणीव तेलाने भरणे आणि एकही दिवस पूर्ण बसवून न ठेवणे याने बरेच घोडे पुन्हा कामाला लागतात. तेलाची मात्रा दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावी आणि त्यासोबत ई जीवनसत्त्वही वाढवावे.

शर्यतीच्या घोड्याबाबत आणखी एक धोका असतो, तो डब्यावर न लिहिलेल्या गोष्टींचा. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राणीची ‘एस्टिमेट’ ही घोडी अ‍ॅस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसरी आली आणि तिच्या नमुन्यात मॉर्फिन सापडले. मुळाशी होते खसखशीच्या झाडाने दूषित झालेले खाद्य. कोकोच्या टरफलातून थिओब्रोमिन असेच शिरते. कोबाल्ट बी-१२ जीवनसत्त्वाचा भाग असले तरी त्याचा मारा केल्यावरून गेल्या दशकात ऑस्ट्रेलियात अनेक प्रशिक्षकांवर कारवाई झाली. म्हणून शर्यतीत उतरणाऱ्या घोड्याला नवे पूरक शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये.

आणि पूरक घेण्याआधी एक साधा प्रयोग घोडेमालकाने स्वतः करून पाहावा. चंदी मोजायचा पागेतला पत्र्याचा डबा आधी ओटाने, मग हरभऱ्याने, मग कोंड्याने काठोकाठ भरून तराजूवर ठेवावा. लिटरभराच्या डब्यात ओट साधारण साडेचारशे ग्रॅम बसतात, हरभरा पाऊण किलो आणि कोंडा दोनशे-अडीचशे ग्रॅम. मोतद्दार मात्र तिन्हींना ‘एक डबा’च म्हणतो.